मंडळीच्या आतून विश्वासाला होणारे धोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासवर्ग संपल्यावर, फोनवर, आणि पुष्कळदा नाव न लिहिता पाठवलेल्या निरोपांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक विचारणारे महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतले आहेत, काही वसई-गोव्याकडचे कॅथलिक. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. एकाच गोष्टीची दोनदा चर्चा होऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाहेरून इतका त्रास होत असताना तुम्ही आतल्याच माणसांबद्दल का बोलता?

बाहेरचा त्रास खरा आहे. ज्यांच्या प्रार्थनासभा बंद पाडल्या गेल्या त्यांना तो कोणी समजावून सांगायला नको. पण नव्या करारातली पत्रे ओळीने वाचत गेलात, तर प्रेषितांची झोप उडवणारी काळजी बहुतेक वेळा आतली दिसते. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये पौल मिलेत बंदरात इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांचा) निरोप घेतो. कळपात क्रूर लांडगे शिरतील असे तो सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो की तुमच्यातूनच काही जण उठतील आणि शिष्यांना आपल्यामागे ओढून नेण्यासाठी विपरीत बोलतील. समोर उभ्या असलेल्या पुढाऱ्यांना, डोळ्यांत पाणी असताना, तो हे सांगतो आहे. पुढे तो तीमथ्याला त्याच इफिसमध्ये ठेवतो ते काही लोकांचे वेगळे शिक्षण थांबवण्यासाठी. आणि प्रकटीकरण २ मध्ये प्रभू त्याच मंडळीचे कौतुक करतो, कारण स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांची तिने परीक्षा केली आणि ते लबाड आहेत हे ओळखले.

बाहेरून विरोध झाला की मंडळी एकवटते. आतून भेसळ झाली की ती 'आमेन' म्हणत राहते. म्हणून हे पान.

२. खोटे शिक्षण नेमके कशाला म्हणायचे? आमच्याकडे तर प्रत्येक जण दुसऱ्याला खोटा म्हणतो.

हा शब्द फार स्वस्त झाला आहे, त्यामुळे खऱ्या धोक्याच्या वेळी कोणी कान देत नाही. लहान मुलांचा बाप्तिस्मा करावा की नाही, उपासना विधीच्या पुस्तकातून करावी की मोकळी, स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यावी का, हजार वर्षांचे राज्य कधी, या मुद्द्यांवर प्रभूवर मनापासून प्रीती करणारी माणसे शतकानुशतके वेगवेगळ्या बाजूंना उभी आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा त्यात मुलांचा बाप्तिस्मा करणारे आणि न करणारे दोघेही सामील झाले होते. रोमकरांस पत्र १४ अशा मतभेदांसाठीच आहे.

खोटे शिक्षण ते, जे पायालाच हात घालते. येशू कोण आहे (देव आणि मनुष्य), त्याने काय केले (आपल्या पापांसाठी मेला आणि खरोखर उठला), आणि तारण कसे मिळते (कृपेने, विश्वासाच्या द्वारे) या तिन्हींपैकी एकाला जरी कोणी काढून टाकले, झाकले किंवा किंमत लावली, तर गलतीकरांस १ मधला पौलाचा कठोर शब्द, 'तो शापित असो', लागू होतो. तो शब्द स्वतः पौलालाही आणि स्वर्गातून आलेल्या देवदूतालाही लागू आहे, असे तो स्पष्ट लिहितो. विश्वासाची कबुली दर रविवारी तोंडपाठ म्हणणाऱ्यांनी एकदा ती सावकाश, एकेक वाक्य थांबून वाचावी. पाया त्यातच आहे.

३. मी दहावीपर्यंत शिकलेली. पाळकसाहेबांचा उपदेश मी कशी तपासणार?

बिरुयाच्या लोकांनी साक्षात पौलाचे बोलणे शास्त्रात तपासून पाहिले, दररोज पाहिले, आणि लूक त्यांना त्याबद्दल थोर मनाचे म्हणतो (कृत्ये १७:११). ते धर्मशास्त्राचे पदवीधर नव्हते.

उपदेशातले वचन वहीत लिहून घ्या. घरी गेल्यावर त्याच्या आधीचा आणि नंतरचा भाग वाचा, शक्य तर सगळा अध्याय. एक उदाहरण देते. फिलिप्पैकरांस ४:१३ हे वचन परीक्षा, धंदा, निवडणूक अशा सगळ्यांसाठी भिंतीवर लावलेले दिसते: मला सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्व काही करू शकतो. आता वरच्या दोन ओळी वाचा. पौल तुरुंगातून लिहितो आहे की भुकेले राहणे आणि तृप्त असणे, विपुलता आणि गरज, दोन्हीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. म्हणजे हे वचन यशाची हमी देत नाही. उपाशी दिवसातही ख्रिस्त धरून ठेवतो अशी ती साक्ष आहे. एवढे कळायला पदवी लागत नाही, पान उलटण्याची तयारी लागते.

दुसरी गोष्ट, उपदेशानंतर आदराने प्रश्न विचारून पाहा. "साहेब, त्या वचनाच्या वरच्या ओळींचा अर्थ कसा लावायचा?" चांगला पाळक खूश होतो. जो चिडतो त्याच्याबाबत प्रश्न ९ वाचा.

४. एरियस, निकीया हे सगळे जुने वाद आज आमच्या काय कामाचे?

फार कामाचे. एरियस बाहेरचा शत्रू नव्हता. तो अलेक्झांड्रियाच्या मंडळीतला प्रेस्बिटर (पाळक) होता, साधा राहणारा, लोकप्रिय. पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे आणि तो नव्हता असा एक काळ होता, असे तो शिकवी. आपल्या शिकवणीची पदेही त्याने रचली होती. ऐकायला हे फार नम्र वाटते: पित्याचा मान राखतो आहे. पण निर्माण केलेला जीव दुसऱ्या निर्माण केलेल्याला तारू शकत नाही, आणि आपण ज्याची उपासना करतो तो देव नसेल तर आपण मूर्तिपूजा करतो आहोत. इ.स. ३२५ मध्ये निकीया इथे भरलेल्या परिषदेने पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे अशी कबुली दिली.

इथेच गोष्ट संपली असे आपण समजतो. खरे तर त्यानंतर अर्धे शतक चित्र उलटे होते. सम्राटांची मर्जी फिरली, बिशपांच्या मोठमोठ्या सभांनी गुळगुळीत शब्दांच्या कबुल्यांवर सह्या केल्या, आणि निकीयाची बाजू लावून धरणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. सुमारे सतरा वर्षे तो आपल्या लोकांपासून दूर होता. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत ती कबुली पुन्हा पक्की झाली. त्या मधल्या वर्षांत "सगळे बिशप म्हणतात तर बरोबरच असेल" असे म्हणणारा सामान्य विश्वासी चुकला असता.

येशू हा पहिला आणि सर्वश्रेष्ठ निर्माण केलेला जीव, हे शिक्षण आजही दारावर येते, आणि कधी कधी "येशू मोठा गुरू होता" अशा गोड रूपात व्यासपीठावरूनही येते. दोन्हींना उत्तर एकच आहे.

५. तिथे हजारो लोक जमतात, खरोखर चमत्कार होतात. मग ते चुकीचे कसे?

जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा १३ वा अध्याय उघडा. संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह घडून आले तरीही, तो तुम्हाला दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नका, असे तिथे लिहिले आहे. मत्तय ७ मध्येही प्रभूच्या नावाने भुते काढणाऱ्यांना तो म्हणतो, मी तुम्हाला कधी ओळखलेच नाही. चमत्कार झाला म्हणून शिकवण खरी ठरत नाही आणि गर्दी जमली म्हणून तर मुळीच नाही.

६. "बी पेरा, शंभरपट मिळेल" असे सांगून दान घेतात. यात चूक काय? देणे तर शास्त्रातच आहे ना?

देणे शास्त्रात आहे. देवाशी व्यवहार करणे शास्त्रात नाही.

मलाखी ३:१० हे वचन यासाठी सर्वांत जास्त वापरले जाते: दशांश भांडारात आणा आणि मग आशीर्वादाची वृष्टी पाहा. ते भांडार कोणाचे होते? अनुवाद १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाता यावे म्हणून होता. ज्या दशांशातून विधवेला जेवण मिळायचे त्याच्याच नावाने आज विधवेच्या कानातले उतरवून घेतले जात असेल, तर ते वचन पाळले जात नाही, पायदळी तुडवले जाते. हे लिहिताना माझा हात थरथरतो, पण अशी पत्रे खरेच येतात: कर्ज काढून दिलेले दान, मुलाच्या फीचे पैसे, मोडलेले डोरले, आणि शेवटी "तुझा विश्वास कमी पडला" हे उत्तर.

अलीशाने नामानाला कुष्ठरोगातून बरे केले आणि भेट नाकारली. त्याचा चाकर गेहजी चांदी आणि कपडे मागायला मागे धावला, आणि नामानाचा कोड त्याला लागला (२ राजे ५). पवित्र आत्म्याचे दान पैशाने घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावले ते कृत्ये ८ मध्ये आहे. भक्ती हे कमाईचे साधन आहे असे समजणाऱ्यांबद्दल १ तीमथ्य ६ आहे.

आरंभीच्या मंडळीने याची साधी परीक्षा ठरवली होती. 'दिदाखे' नावाचे एक छोटे जुने पुस्तक आहे. ते शतकानुशतके हरवले होते. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याचे हस्तलिखित हाती लागले. फिरत्या प्रेषितांबद्दल त्यात म्हटले आहे की आलेल्याचे प्रभूसारखे स्वागत करा, पण तो एक दिवस, फार तर दोन दिवस राहील, तीन दिवस राहिला तर खोटा संदेष्टा समजा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी, पैसे मागितले तर तो खोटा. आणि आत्म्याच्या आवेशात कोणी "मला पैसे द्या" म्हणाला तर ऐकू नका, मात्र दुसऱ्या गरजवंतांसाठी मागितले तर त्याचा न्याय करू नका. आजच्या पाळकाला संसार आहे, वेतन हवे, आणि कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे. तरीही ती शेवटची ओळ जशीच्या तशी आज लावता येते: कोणासाठी मागतो आहे?

करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला नियम (९:७) पुरेसा आहे. मनात ठरवल्याप्रमाणे द्या, दुःखाने नाही, जबरदस्तीने नाही. दानाचा हिशोब कसा मागायचा ते प्रश्न १२ मध्ये.

७. प्रार्थनेने बरे होईल म्हणून औषध बंद करायला सांगतात. विश्वास ठेवावा का?

औषध बंद करू नका. याकोब ५ वडिलांना आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगतो, वैद्य सोडायला सांगत नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आणि त्रफिमाला मिलेतात आजारी सोडले. इतका मोठा प्रेषित, आणि सहकारी आजारीच राहिला. विश्वास कमी पडला असे तिथे कोणी म्हटलेले नाही. महाराष्ट्रातल्या मंडळीचा इतिहासही हेच सांगतो: मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, आणि तिथे प्रार्थना व शस्त्रक्रिया यांच्यात कधी भांडण झाले नाही.

कायद्याचाही भाग आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांना लागू आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणे, मारहाण करणे हा त्याखाली गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेण्यापासून रोखणे हाही गुन्हा आहे. मानसिक आजाराच्या रुग्णाला 'सुटकेच्या सभे'त धरून ठेवणारे येशूच्या नावाने हे करतात म्हणून त्यांना सूट मिळत नाही, आणि मिळू नये.

८. "प्रभूने मला दाखवले की तू याच मुलाशी लग्न करावे" असे सांगितले गेले. नकार दिला तर देवाचा अवमान होईल का?

नाही. १ करिंथकरांस १४:२९ प्रमाणे संदेष्टे बोलत असताना इतरांनी पारख करायची आहे. १ थेस्सलनीकाकरांस ५ संदेश धिक्कारू नका म्हणते आणि त्याच दमात सर्व गोष्टींची पारख करा म्हणते. ज्या संदेशाला पारख चालत नाही तो त्या अध्यायांच्या बाहेरचा आहे. अनुवाद १८ तर सांगते की बोललेले घडले नाही, तर तो शब्द परमेश्वराचा नव्हता, त्या संदेष्ट्याला भिऊ नका. लग्न, नोकरी, घर विकणे याबाबत कोणी तुमच्या वतीने देवाचे बोलणे ऐकल्याचा दावा करत असेल, आणि त्यात सांगणाऱ्याचा किंवा त्याच्या नातलगाचा फायदा असेल, तर ताबडतोब नाही म्हणा.

९. प्रश्न विचारला की "माझ्या अभिषिक्ताला हात लावू नका" हे वचन सुनावतात. मग गप्प बसायचे का?

माझ्या मते आज मराठी मंडळ्यांत विश्वासाचे सर्वांत जास्त नुकसान या एका वचनाच्या गैरवापराने होते आहे. म्हणून थोडे सविस्तर.

ते वचन स्तोत्र १०५:१५ आहे. वरच्या ओळी वाचा: अब्राहाम, इसहाक, याकोब थोडेसे लोक होते, परके होते, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हिंडत होते, आणि देवाने राजांना बजावले की यांना इजा करू नका. म्हणजे हे वचन सत्ताधाऱ्यांपासून दुबळ्या भटक्यांचे रक्षण करते. माइक हातात असलेल्या माणसाचे हिशोब मागणाऱ्या बाईपासून रक्षण करायला ते वापरणे म्हणजे त्याला डोक्यावर उभे करणे आहे.

दुसरे वचन दावीदाचे दिले जाते: त्याने शौलावर हात टाकला नाही. खरे आहे, त्याने शौलाला मारले नाही. पण तो गप्प बसला नाही. गुहेबाहेर उभे राहून, सर्व सैन्य ऐकत असताना, तुम्ही माझ्यावर अन्याय करता आहात असे त्याने शौलाला सुनावले (१ शमुवेल २४). आणि तोच दावीद अभिषिक्त राजा असताना नाथानाने त्याच्या तोंडावर सांगितले, तो मनुष्य तूच आहेस.

नव्या करारात तर सर्वच विश्वासी अभिषिक्त आहेत. १ योहान २:२० आणि २७ पाहा, आणि तेही खोट्या शिक्षकांबद्दलच्या अध्यायात. योहान म्हणतो, तुमचा अभिषेक झालेला आहे म्हणून तुम्हाला सत्य ओळखता येते. पाळकाचा आदर करावा, त्याची थट्टा करू नये, पाठीमागे निंदा करू नये. प्रश्न विचारणे यातले काहीच नाही.

१०. पाळकाविरुद्ध तक्रार असेल तर ती कशी मांडावी?

वैयक्तिक अपराध असेल तर मत्तय १८: आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. पुढाऱ्याविरुद्ध आरोप असेल तर १ तीमथ्य ५:१९-२०: दोघातिघा साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नका. हे लोक अर्धेच वाचतात. पुढची ओळ म्हणते की जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष दाखवा, म्हणजे इतरांना भय वाटेल. पहिली ओळ पाळकाला खोट्या आरोपापासून वाचवते, दुसरी मंडळीला पाळकापासून.

व्यवहारात: तारीख, ठिकाण, काय बोलले गेले हे लिहून ठेवा. तोंडी तक्रार हवेत विरते. आधी पास्टरेट कमिटीकडे किंवा वडिलांकडे लेखी द्या, पोच घ्या, उत्तर न आल्यास बिशप किंवा त्या पंथाच्या जिल्हा अधिकाऱ्यांकडे. स्वतंत्र मंडळीत वर कोणीच नसते, हीच तिची मोठी कमजोरी. अशा मंडळीत सामील होण्यापूर्वी "पाळक चुकला तर त्याला कोण विचारणार?" हे विचारून घ्या. मोबाइलवरच्या गटात आरोप टाकणे टाळा, त्याने सत्य बाहेर येत नाही, तट पडतात.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो पुढच्या प्रश्नात आहे.

११. मुलाशी किंवा स्त्रीशी गैरवर्तन झाले असेल तर? "आधी एकांतात समजावा" असे मंडळीतले म्हणतात.

नाही. मत्तय १८ भावाने भावाचा केलेला अपराध मिटवण्यासाठी आहे. गुन्हा लपवण्यासाठी नाही. अत्याचार झालेल्या मुलाला अत्याचार करणाऱ्यासमोर एकांतात बसवणे हे दुसरे क्रौर्य आहे.

पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे बालकावर लैंगिक अपराध झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. पाळक, रविवार शाळेचे शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, सगळे यात आले. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. कॅथलिक वाचकांसाठी: पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशी माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देणे सक्तीचे केले आहे, आणि त्यामुळे देशाच्या कायद्याखालचे कर्तव्य संपत नाही.

"मंडळीची बदनामी होईल" असे सांगतील. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याबद्दल प्रभू बोलला आहे. मंडळीच्या अब्रूबद्दल तिथे तो एक शब्दही बोललेला नाही.

१२. चर्चची जमीन आणि पैसा यांचा हिशोब मागणे हे विश्वासाच्या रक्षणात कसे बसते?

यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, कोणी दोष देऊ नये म्हणून, आणि केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करण्यासाठी (२ करिंथकरांस ८:२०-२१). जिथे पैशाचा हिशोब झाकला जातो तिथे काही काळाने उपदेशही बदलतो. कोणाला दुखवायचे नाही हे ठरलेले असते.

चर्चचा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर हिशोबाची दरवर्षी लेखापरीक्षा करावी लागते. विश्वस्त बदलले की बदल अर्ज दाखल करावा लागतो. स्थावर मालमत्ता विकायला कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नोंदींच्या नकला धर्मादाय कार्यालयातून अर्ज करून मिळवता येतात. कोर्टात जाण्यापूर्वी एवढे तरी करावे. विश्वासी लोकांनी एकमेकांवर खटले भरू नयेत हा १ करिंथकरांस ६ चा उपदेश मंडळीत निवाडा करणारे शहाणे लोक असावेत असेही म्हणतो. ते नसतील तर सार्वजनिक मालमत्ता वाचवण्यासाठी कायद्याकडे जाणे हे पाप नाही.

१३. जातपात हा सामाजिक प्रश्न आहे. त्याला विश्वासाला धोका कसे म्हणता?

पौलाने म्हटले म्हणून. अंत्युखियात केफा, म्हणजे पेत्र, परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही लोक आले तसा तो भिऊन पंक्तीतून मागे सरला. त्याने कोणताही सिद्धांत बदलला नव्हता. फक्त जेवायला वेगळा बसला. आणि पौल लिहितो की ते सुवार्तेच्या सत्याप्रमाणे सरळ चालत नाहीत हे पाहून मी सर्वांसमोर त्याला बोललो (गलतीकरांस २). वेगळी पंगत ही सुवार्तेच्या विरुद्ध आहे. आपल्या महाराष्ट्रात याहून स्पष्ट वचन कुठले हवे?

तरीही लग्न जुळवताना "मूळचे कोण?" हा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातो, कमिटीच्या निवडणुकीत गट त्याच रेषेवर पडतात, आणि दफनभूमीतही ती रेषा कुठे कुठे राहते. गोव्यात काही चर्चच्या कॉन्फ्रारियांचे (चर्चशी जोडलेल्या बंधुसंघांचे) सदस्यत्व दीर्घकाळ जातीवर ठरत आले. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, ते या गोष्टी मंडळीच्या आत आहेत हे मान्य करूनच.

जर्मनीत १९३३ मध्ये 'जर्मन ख्रिस्ती' नावाच्या गटाने प्रोटेस्टंट मंडळीच्या निवडणुका जिंकल्या आणि ज्यू वंशाच्या पाळकांना काढण्याचा नियम आणला. मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या लोकांनी येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द आहे, दुसऱ्या कोणत्याही सत्तेला त्याच्या शेजारी बसवता येणार नाही, अशी घोषणा केली. तिचा मुख्य लेखक कार्ल बार्ट. धाडसी घोषणा, पण ज्यूंबद्दल तिच्यात एक वाक्य नव्हते, आणि याची खंत बार्टने पुढे स्वतः लिहिली. जातीबद्दल बोलताना हे लक्षात ठेवावे: "ख्रिस्तात सर्व एक" म्हणणे सोपे असते, कोणाला बाहेर ठेवले आहे त्याचे नाव घेणे अवघड.

१४. भजन, अभंग, कीर्तन उपासनेत आणणे म्हणजे विश्वासात भेसळ नाही का?

नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी प्रभूची भक्ती अभंगांत गायली आणि अहमदनगरकडच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा त्यांच्याही आधीपासून आहे. ऑर्गन काही यरुशलेमहून आलेला नाही. भेसळ वाद्यात किंवा चालीत नसते, कोणाची स्तुती होते आणि काय कबूल केले जाते यात असते. अभंगात वधस्तंभ असेल तर तो ख्रिस्ती अभंग. उलट, इंग्रजी चालीवरच्या ज्या गीतात फक्त 'माझे स्वप्न, माझा विजय' आहे त्याची चौकशी करा. मापदंड प्रश्न २ चाच.

१५. माझा मुलगा त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, याबद्दल) शंका विचारतो. वर्गातल्या ताईंनी त्याला गप्प केले. तो भरकटतो आहे का?

शंका विचारणारा आणि खोटे शिक्षण पसरवणारा यांत फार अंतर आहे. यहूदाचे पत्र खोट्या शिक्षकांवर कडाडते आणि शेवटी म्हणते, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. त्यानंतर त्यांनी त्रैक्याबद्दल आणि मंडळीच्या अधिकाराबद्दल असे प्रश्न विचारले की त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर जेराल्डिन अस्वस्थ झाल्या. तो पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती उभी केली आणि आयुष्याची शेवटची वर्षे मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यांना कोणी "गप्प बस" म्हणून गप्प केले असते तर?

मुलाबरोबर योहानाचे शुभवर्तमान वाचा. उत्तर येत नसेल तर "मी शोधतो" म्हणा आणि खरेच शोधा.

१६. ज्या पाळकाने आमचा बाप्तिस्मा केला तो लबाड निघाला. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का?

गरज नाही. इ.स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने छळ सुरू केला, तेव्हा काही बिशपांनी भिऊन शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. उत्तर आफ्रिकेतल्या डोनॅटिस्ट नावाच्या गटाचे म्हणणे होते की अशा माणसांनी दिलेली दीक्षा आणि संस्कार व्यर्थ आहेत. ३१४ मध्ये आर्लच्या परिषदेने आणि पुढे ऑगस्टिनने उत्तर दिले: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाही. तसे नसते तर आपल्यापैकी कोणालाही आपल्या बाप्तिस्म्याची खात्री देता आली नसती, कारण पाळकाचे हृदय कोण पाहतो?

मात्र तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालाच नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आपल्या मंडळीच्या पाळकांशी बोला.

१७. त्याने सर्वांसमोर रडून क्षमा मागितली. आता त्याला पुन्हा व्यासपीठावर बसवायला नको का?

क्षमा आणि पद वेगळे ठेवा. क्षमा आजच करा. पदासाठी १ तीमथ्य ३ ची अट आहे: निर्दोष, आणि बाहेरच्या लोकांतही चांगले नाव. ते नाव परत मिळवायला वर्षे लागतात, आणि प्रश्न ११ मधल्या गुन्ह्यात मुलांजवळचे काम कधीच परत देऊ नये. ज्याला खरा पश्चात्ताप झाला आहे तो पदाची घाई करत नाही.

१८. मंडळी कधी सोडावी?

तुम्ही किंवा तुमची मुले असुरक्षित असतील तर आज. सुवार्तेचा पाया (प्रश्न २) उघडपणे नाकारला जात असेल, प्रश्न १० चे सर्व मार्ग वापरून झाले असतील आणि तरी काही हलत नसेल, तर जड मनाने, कोणाला फोडून बरोबर न नेता. गाणी आवडत नाहीत, कमिटीत हरलो, नवा पाळक आपल्या गावचा नाही, यासाठी नाही.

"निदण (गव्हातले तण) वाढू द्या" हा मत्तय १३ चा दाखला दुराचाऱ्याला पदावर ठेवण्यासाठी सांगितला जातो. त्याच दाखल्याचा अर्थ सांगताना प्रभू म्हणतो, शेत हे जग आहे. मंडळीतल्या उघड पापाबद्दल १ करिंथकरांस ५ आहे, आणि ते "काढून टाका" असे म्हणते.

१९. २ योहान १० म्हणते की वेगळे शिक्षण आणणाऱ्याला घरात घेऊ नका. माझा भाऊ अशा एका पंथात गेला आहे. नाताळला त्याला दार बंद करू का?

नाही. त्या काळी मंडळ्या घरांत भरत आणि फिरते शिक्षक घरोघरी उतरत. घरात घेणे म्हणजे त्याला मुक्काम, शिधा आणि शिकवायला जागा देणे. योहान त्या पाठिंब्याबद्दल लिहितो आहे. भावाला जेवायला बोलावा, फराळाचा डबा बरोबर द्या, आईच्या आजारपणात त्याच्यासोबत रात्र जागवा. तो विश्वासाबद्दल बोलला तर ऐका आणि तुम्ही काय मानता ते शांतपणे सांगा. घरच्या प्रार्थनेत वचन उघडून शिकवायचे काम मात्र त्याच्याकडे देऊ नका, आणि का देत नाही हे त्याला आधीच, एकट्याला बाजूला घेऊन सांगा.